राखेनं पुसलेली काच

छबूबाई मोबाईल ठेवते त्या पिशवीला तीन थर आहेत. बाहेरून जुन्या लुगड्याचा जाड काठ, मधे गोधडीचा तुकडा, आतून नवऱ्याच्या फाटक्या बनियनचं मऊ कापड. तोंडाला गुंडी. तिनं ती हातानं शिवली. ऊस तोडताना कोयता उजव्या हातात असतो, म्हणून पिशवी डाव्या कमरेला. त्या पिशवीत दुसरं काही जात नाही. तंबाखू नाही, सुटे नाहीत, किल्ली तर नाहीच, कारण कोपीला, उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपडीला, कुलूप नसतं.

एवढं बारीक सांगते, कारण पुढं त्या मोबाईलची काच बघून मी तिला जे बोलले, ते आधी मला परत घ्यायचं आहे. तोंडानं अजून घेतलेलं नाही. तोंडानं माघार घ्यायची मला सवय नाही. म्हणून लिहिते.

छबूबाई पाथर्डी तालुक्यातली. गावाचं नाव टाकू नको म्हणाली, टाकत नाही. दिवाळीचे दिवे विझले की त्यांचं गाव निम्मं उठतं आणि ट्रॅक्टरमागं बसून उसाच्या मुलखाला जातं. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात. टोळीत माणसं किती हे कुणी विचारत नाही, कोयते किती हे विचारतात. छबूबाई आणि कानिफनाथ हा कोयता पंचवीस हंगाम चालतो आहे. यंदा त्यांचा अड्डा श्रीरामपूरच्या बाजूला कॅनॉलच्या कडेला पडला होता. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, फडात जायचं. ऊस तोडायचा, पाचट काढून साळायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या. तिला वय विचारलं तर म्हणते, “चाळीस आसंल. गुडघ्याला इचारलं तर साठ सांगंल.”

तिला एकच लेक. ज्ञानेश्वरी. हनुवटीवर लहानपणीच्या खोकेची खूण आहे. ही पोर दीड वर्षाची असताना फडाच्या बांधावर खेळत होती, मागून ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा वाजवला, सगळी टोळी दचकली आणि पोरीनं मान वळवली नाही. त्या दिवशी छबूबाईला कळलं. डॉक्टरांना कळायला आणखी चार वर्षं गेली.

डॉक्टरांची वाट न बघता छबूबाईनं बोलायला सुरुवात केली होती. हातानं. हनुवटीवर बोट टेकवलं की ज्ञाना. नाकाखाली दोन बोटं दोन्हीकडं ओढली की मिशा, म्हणजे बाप. मुठी एकमेकींवर आवळल्या की मोळी, म्हणजे काम राहिलंय, थांब. आई फडाच्या या टोकाला आणि लेक त्या टोकाला, मधे एकरभर तोडलेलं रान. बोटांनी भागायचं नाही, मग आख्खा हात, दोन्ही हात, कधी डोक्यावरचं फडकंसुद्धा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाई पाखरं हाकतेय. ती लेकीला विचारत होती, भाकरी खाल्लीस का.

कानिफनाथ ही भाषा शिकला नाही. माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उगारणं नाही. पण लेकीशी काही बोलायचं झालं की बायकोकडं बघून म्हणायचा, “सांग तिला.” सांग तिला, पाणी आण. सांग तिला, उद्या लवकर उठायचंय. सतरा वर्षं त्या पोरीनं बापाचं बोलणं आईच्या हातातून ऐकलं.

तोडणीवाल्यांच्या पोरांना शाळेत घालायचं काम मी करते. ज्ञानाला नगरला, सावेडीच्या बाजूला मुक्या-बहिऱ्या मुलींच्या निवासी शाळेत मी घातलं. चार वर्षांपूर्वी. जागा एकच उरली होती, मला घाई होती. छबूबाई त्या दिवशी फडात होती. मी म्हटलं, आई समोर आली की पोर रडेल आणि जीप चुकेल. कानिफनाथाचा अंगठा कागदावर घेतला, पोरीला खाऊ दाखवला आणि जीपमध्ये घातलं. तिला वाटलं, आपल्याला कुणाला तरी देऊन टाकलं. दोन महिने ती कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. आईनं समोर उभं राहून हातानं सांगितल्यावरच तिचा विश्वास बसला. तेव्हापासून तिचा नियम एक. तिच्याबद्दल काहीही असो, आईच्या हातानं सांगितलं तरच खरं. माझ्या सह्यांना, शाळेच्या चिठ्ठ्यांना ती किंमत देत नाही. तिचं बरोबर आहे.

आता बघा. आईला अक्षर येत नाही, म्हणजे लिहून भागत नाही. लेकीला ऐकू येत नाही, म्हणजे साधा फोन कामाचा नाही. सहा महिने दोघी एकमेकींपासून लांब. मधे उरते ती तळहाताएवढी काच. त्या काचेत हात दिसले तर बोलणं, नाही दिसले तर काही नाही.

मोबाईल सावेडीतल्या एका डॉक्टरबाईंनी दिला, त्यांचा जुना. दिवाळीच्या आधी मी तो छबूबाईच्या हातात ठेवला. गडबडीत होते, दुसऱ्या गावात सभा होती. उभ्या उभ्या सांगितलं, “पाणी लावायचं नाही, पाण्यानं मोबाईल मरतो. आणि काच जप. काच गेली तर पोर गेली समज.”

एवढं बोलून मी निघून गेले. कसं जपायचं ते सांगितलं नाही. मलाच कुठं माहीत होतं. माझा स्वतःचा मोठा मोबाईल मी एका कचेरीत साहेबाच्या टेबलावर आपटला, तेव्हापासून मी बटणाचा वापरते.

शाळेचा नियम कडक आहे आणि मुलींची शाळा असल्यामुळं तो मला मान्य आहे. रविवारी दुपारी बारा ते एक, एकेका मुलीला दहा मिनिटं, आणि नोंदवलेल्या नंबरवरच. दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवरून चालत नाही. नंबर बदलायचा तर अर्ज, अर्जाला आठवडा.

जानेवारीत एका मंगळवारी वसतिगृहाच्या बाईंचा मला फोन आला. पुण्यात दोन वर्षांचं शिक्षण आहे, कॉम्प्युटरचं, राहणं-खाणं तिथंच. ज्ञानेश्वरीचं नाव निवडलंय. सोमवारी सकाळी होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. पण पोर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. गेल्या रविवारी आईशी बोलायला बसली आणि दहा मिनिटं नुसती डोळे चोळत होती. महिनाभर आईचे हात दिसत नाहीत म्हणते.

त्या पोरीच्या मनात दुसरी एक भीती होती, ती मला ठाऊक होती. दिवाळीत कानिफनाथानं बहिणीच्या नात्यातलं एक स्थळ काढलं होतं. मुलगा पायानं अधू, घरचा चांगला. अठरा व्हायला पोरीला अजून सात महिने आहेत. मी तेव्हा त्याच्या दारात उभी राहून त्याला कायदा ऐकवला होता आणि तो खाली बघत ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “आमी मेल्यावर तिला कोन बघंल, ते तुमच्या कायद्यात हाय का?” ज्ञानानं ते सगळं दारातून पाहिलं होतं. कुणाच्या तोंडातून काय गेलं ते तिला कळलं नाही, पण माणसं कशाबद्दल भांडतात ते कळतंच. म्हणून तिला आता आईच्या हातानं हवं होतं. पुण्याला जा, की लग्नाला उभी राहा.

मी शनिवारी सकाळी अड्ड्यावर पोचले. छबूबाई फडात होती. मला बघून तिनं कोयता उसाच्या बुडख्यात रोवला, हात लुगड्याला पुसले, गुंडी सोडली आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

“ताई, ज्ञाना धुक्यात गेली बगा.”

काच पांढरी पडली होती. तडा एक नाही. कोपरे शाबूत. पण या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक बारीक चरे, गोल गोल, एकात एक, जसे तव्याच्या बुडाला असतात. उन्हात धरल्यावर चित्र दिसेना, नुसती चकाकी.

मी विचारलं, कशावर घासलास.

ती म्हणाली, “घासलाच की. रोज घासती. सकाळ, दुपार, सांज.”

हाताला उसाचा चिकटा असतो, तो काचेला लागतो. पदरानं पुसला तर पदरावर फडातली माती आणि उसाच्या पानांची टोचरी कूस. पाणी लावायचं नाही हे मी बजावलेलं. मग उरलं काय? तिनं मला कोपीत नेऊन डबा दाखवला. चुलीतली राख, फडक्यातून गाळलेली. बोट बुडवायचं, काचेवर फिरवायचं, बनियनच्या कापडानं पुसायचं.

“माज्या आईनं कंदिलाची काच जलमभर राखंनं पुसली,” ती म्हणाली. “आरशावानी. तुमी म्हन्ले काच जप, मंग मी जपली.”

आणि मी तिला बोलले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. अडाणी म्हणाले. पोरीचं नुकसान तू तुझ्या हातानं केलंस म्हणाले. शेजारच्या कोपीतल्या रंगुबाई भाकरी थापायची थांबून बघायला लागल्या तरी मी थांबले नाही. माझं संपल्यावर छबूबाईनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “आता काय करायचं ते सांगा. बोलून झालं आसंल तर.”

उद्या स्वतः नगरला जाऊन ये, असंही मी म्हटलं. तिनं मुकादमाला आधीच विचारलं होतं. हा फड उठल्याशिवाय सुट्टी नाही, आणि फड उठायला आणखी चार दिवस. सिम काढून दुसऱ्याच्या मोबाईलात घालू म्हटलं तर तिला धास्ती, की निघालेलं सिम परत बसलं नाही तर. खरं सांगायचं तर ती धास्ती मलाही होती.

मोबाईल घेऊन मी श्रीरामपूरला आले. स्टँडजवळ सुनील नावाच्या पोराची टपरी आहे, वर रंगीत कव्हरांच्या माळा, खाली जुन्या मोबाईलांचा ढीग. त्यानं काच हातात घेतली, तिरकी धरली, म्हणाला, हे कशानं? राख म्हटल्यावर तो हसला. मी त्यालाही दोन शब्द सुनावले. त्यानं मनावर घेतलं नाही. रोज लोक येतात म्हणाला, कुणी टूथपेस्ट चोळून आणतं, कुणी खोबरेल, शिकलेली माणसंसुद्धा.

मग त्यानं ढिगातला एक मेलेला मोबाईल काढला आणि माझ्या हातात किल्ली दिली. ओढा म्हणाला. मी जोर लावून ओढली. काळसर रेघ उठली, त्यानं अंगठ्यानं पुसली, काच होती तशी. मग त्यानं टपरीच्या फळीखालून चिमूटभर रस्त्याची माती घेतली, काचेवर टाकली आणि कापडानं हळूच एकदा फिरवली. चार चरे पडले.

“ताई, लोक किल्लीला भितात,” तो म्हणाला. “किल्लीचं लोखंड काचेपुढं मऊ. मातीत वाळूचा कण असतो, तो काचेला भारी पडतो. राख वाईट नाही हो. राखेत चूल आली, चुलीखालची जमीन आली.”

घरच्या चुलीची राख वेगळी, मग मला उमगलं. घरची चूल सारवलेली, वर्षानुवर्षं तीच. कोपीपुढची चूल म्हणजे कॅनॉलच्या रेतीवर तीन दगड. राख भरताना रेती येणारच. फडक्यातून गाळली तरी बारीक रेती राखेबरोबर खाली उतरते. छबूबाईची आई चुकली नव्हती आणि छबूबाईही चुकली नव्हती. चूल बदलली होती.

सुनीलनं सांगितलं ते मी तेव्हाच कागदावर लिहून घेतलं, कारण पुढच्या बाईला मला उभ्या उभ्या सांगायचं नाही. आधी फुंकर मारायची, कण उडवून लावायचे. मग चष्म्याचं असतं तसं मऊ कापड, किंचित ओलं, पिळून. एवढ्या पाण्यानं मोबाईल मरत नाही. पदर नाही, रुमाल नाही, जे कापड दिवसभर अंगावर असतं ते नाही. आणि पहिल्या दिवशीच वरून संरक्षक काच चिकटवून घ्यायची, म्हणजे चरे पडायचे ते तिच्यावर पडतात, ती फेकून दुसरी लावता येते.

आता लावून काय उपयोग, मी विचारलं. थोडा आहे, म्हणाला. खालचा डिंक बारीक चऱ्यांत भरतो, धुकं निम्मं कमी होतं. त्यानं लावून दाखवली. आधी पुसली, चिकटपट्टीनं कण टिपले, श्वास रोखून काच टेकवली. खरंच, मोबाईलातलं चित्र पुन्हा ओळखू यायला लागलं. पण वर, जिथून तो माणसाचा चेहरा टिपतो, तो डोळाही त्याच काचेखाली होता आणि तिथं संरक्षक काचेला भोक असतं. तिथला पांढरेपणा तसाच राहिला. म्हणजे आईला लेक दिसेल, लेकीला आई दिसणार नाही. मूळ काच बदलायची तर या जुन्या मॉडेलची मागवावी लागेल, आठ दिवस.

“मागचा कॅमेरा चांगलाय की,” सुनील म्हणाला. छबूबाईनं पाठीला राख लावलीच नव्हती. “कॉल चालू असताना हे बटण दाबा, मागचा लागतो. फक्त मग मोबाईल कुणीतरी धरायला पाहिजे. जो बोलतो त्याला पडदा दिसत नाही.”

वसतिगृहाच्या बाईंना राखेपासून फुंकरीपर्यंत सगळं फोनवर कळवलं आणि रविवारी साडेअकराला मी फडात होते. ट्रॉली अर्धी भरली होती. छबूबाईला मी सगळं समजावलं. ह्या वेळी बसून, तिच्या हातात दोनदा कापड देऊन. ती दहा पावलं लांब उभी राहील, मोबाईलची पाठ तिच्याकडं. लेकीला ती स्वच्छ दिसेल. पण लेकीचे हात तिला दिसणार नाहीत, ते मोबाईल धरणाऱ्याला दिसतील. त्यानं ते हात जसेच्या तसे करून दाखवायचे.

मी धरते म्हटलं.

“तुमी न्हाई,” छबूबाई म्हणाली. मग मोळीवर टेकलेल्या नवऱ्याकडं हनुवटी केली. “ह्यो धरंल.”

कानिफनाथ म्हणाला, मला त्यातलं काय येतं. ती म्हणाली, येत न्हाई म्हनूनच. बाराला तीन मिनिटं असताना ती उभ्या उसाच्या दोन पट्ट्यांच्या मधे, तोडलेल्या मोकळ्या रानात जाऊन उभी राहिली. डोक्याचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं, म्हणजे चेहरा दिसावा. हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले.

मोबाईल थरथरला. मी बटण दाबून दिलं आणि बाजूला झाले.

पडद्यावर ज्ञानेश्वरी. धुकं होतं पण पोर ओळखू येत होती, हनुवटीवरची खूणसुद्धा. तिनं आधी डोळे बारीक केले, मग एकदम पुढं सरकली. आई दिसली होती. उन्हात, आख्खी, पायापासून डोक्यापर्यंत. पाच आठवड्यांनी.

छबूबाईनं सुरुवात केली. हनुवटीवर बोट. मग हात लांब, क्षितिजाकडं, तिथं दोन बोटांनी हवेत टकटक; कॉम्प्युटर. मग दोन्ही तळवे पुढं. जा. पुन्हा एकदा तेच, सावकाश, मोळ्या रचाव्यात तसं एकावर एक.

ज्ञानेश्वरीनं नाकाखाली दोन बोटं ओढली आणि तळवा वर केला.

कानिफनाथ मोबाईल धरून उभा. त्यानं एका हातानं ते करायचा प्रयत्न केला, एकच मिशी ओढली गेली, आणि करता करता थांबला. पंचवीस वर्षं मिशा असलेल्या माणसाला ती खूण कुणाची ते कळायला शिकवणी लागत नाही.

“आगं,” तो बायकोला ओरडून म्हणाला, “ती मला इचारती.”

“तुला इचारती तर तू सांग.”

“सांग ना तिला. तूच सांग.”

छबूबाईनं हात खाली सोडले. लांबूनच म्हणाली, “आन् काय सांगू? तू काय म्हनतो तेच मला म्हाईत न्हाई.”

तिकडं ट्रॉलीवाला भोंगा वाजवत होता, राहिलेल्या मोळ्या भरा म्हणून. मला पुन्हा कायदा आठवला, वय आठवलं, जिभेवर आलं. मी गिळलं. आयुष्यात थोड्या वेळा गिळलं असेल, त्यातली ही एक.

“पुन्याला तिला कोन बघंल?” तो म्हणाला. मला नाही, बायकोला.

“हितं कोन बघतंय?” छबूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दमलेली होती ती, पहाटेपासून उभी होती. “ती बघंल तिचं. आपन फकस्त सांगायचं.”

सहा मिनिटं गेली होती. कानिफनाथानं मोबाईल माझ्या हातात दिला. धरा ताई, म्हणाला, हलवू नका. आणि तोडलेल्या उसाच्या खुंटांतून पाय उचलत दहा पावलं चालून तो बायकोशेजारी जाऊन उभा राहिला.

त्याला हातानं एकच गोष्ट बोलता येते, हे मला तेव्हा दिसलं. टोळीत ट्रॅक्टर बाहेर काढायचं काम त्याच्याकडं असतं. भरलेली ट्रॉली चिखलातून रस्त्यावर आणताना ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. तेव्हा कानिफनाथ पुढं उभा राहून हातानं बोलतो. दोन तळवे आडवे, थांब. एक हात वर, डावीकडं घे. आणि वाट मोकळी असली, चाक निघालं, की तो बाजूला सरकतो, आख्खा उजवा हात खांद्यापासून उचलून रस्त्याच्या दिशेनं लांब फेकतो. जाऊ दे. बांधावर बसून त्या पोरीनं लहानपणी हे हजारदा पाहिलं होतं.

तो एक पाऊल बाजूला सरकला, जणू समोरून ट्रॉली जाणार आहे. आणि हात फेकला. पुण्याकडं फेकायचा तो त्यानं सवयीनं कारखान्याच्या रस्त्याकडं फेकला. तरी कळायचं ते कळलं.

पडद्यावर ज्ञानेश्वरी कितीतरी वेळ हलली नाही. मला वाटलं कॉल अडकला. मग ती उठून मागं सरकली, भिंतीला टेकेपर्यंत, आणि तिनं एक हात डोक्याच्या वर उचलला. ड्रायव्हर ट्रॅक्टरवरून उचलतो तसा. निघालो.

मी तो हात करून दाखवला. कानिफनाथानं बघितला आणि खाली बसला, उसाच्या बुडख्यांत, गुडघ्यांत डोकं घालून.

ज्ञानेश्वरी पुन्हा जवळ आली. आता तिचे हात भराभर चालले होते आणि मला काही कळत नव्हतं. चार वर्षं तिचे कागद मी फिरवले, तिच्या नावानं टेबलं आपटली, आणि तिची दहा खुणांची भाषा शिकले नाही. मी नुसती नक्कल करत राहिले. एका तळव्यावर दुसरा तळवा गोल गोल. मग बोट नाही म्हणून हलवलं. मग तळव्यावर फुंकर.

“काय म्हणाली?” मीच छबूबाईला विचारलं.

छबूबाईनं माझ्या हातांकडं बघून घेतलं. “काचंला राख लावू नको म्हनती. बाईंनी सांगितलं आसंल तिला,” ती म्हणाली. आणि वर, “तुमी बोल्ले त्यापरीस गोड बोल्ली.”

ते माझं होतं, मी ठेवून घेतलं.

तेवढ्यात कानिफनाथ उठला. डोळे बाहीनं पुसले, चार पावलं माझ्याकडं आला आणि बायकोला म्हणाला, “सांग तिला.” मग थांबला. मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला, पाठ स्वतःकडं केली, दुसरा हात वर उचलला, काहीतरी करण्यासाठी.

पण दहा मिनिटं संपली होती. पडदा काळा झाला होता, त्यावर नुसते चरे.

तो तसाच उभा राहिला, हात वर धरून. ट्रॉलीवाल्यानं पुन्हा भोंगा दिला. छबूबाई आली, तिनं त्याच्या हातातून मोबाईल घेतला, काचेवर फुंकर मारली, मी दिलेलं कापड फिरवलं, पिशवीत घातला, गुंडी लावली आणि मोळीशी वाकली.

“फुडच्या आईतवारी सांग,” ती म्हणाली. “तूच सांग. आता ही उचलू लाग.”